डावीकडच्या चांदण्या

कारखान्यात तिला सगळे ‘जुळ्यांची आई’ म्हणत. लग्नाच्या आधीपासून म्हणत. नवीन आलेला एखादा भोळा माणूस मुलांची चौकशी करी आणि शेजारच्या टेबलावरच्या बाया तोंड फिरवून हसत. ती मात्र चेहऱ्यावरची घडी न मोडता सांगे, एक थोरला आहे, एक धाकटा आहे, दोघं दिवसभर माझ्यासमोरच असतात.

त्यात खोटं काहीच नव्हतं. तिच्या टेबलावर दोन घरगुती कंप्युटर शेजारी शेजारी मांडलेले असत. आजच्या मुलांना दाखवले तर ती त्यांना कंप्युटर म्हणायची नाहीत. बिस्किटांच्या मोठ्या डब्याएवढी चपटी पेटी, वर रबराची बटणं, मागून एक वायर टीव्हीला आणि एक वायर टेपला. प्रोग्रॅम कॅसेटवर असे. टेप सुरू केला की रातकिडे ओरडावेत तसा आवाज सुरू होई आणि चहा पिऊन, कप विसळून आलं तरी पडद्यावर चित्र यायचं बाकी असे. पेटीच्या आत चाळीस पायांचा एक काळा किडा खोबणीत बसवलेला. तो प्रोसेसर. यंत्राचं डोकं म्हणा.

हे डोकं कारखाना बाहेरून मागवी. पुढे ते वेळेवर येईना, आलं तर पुरेना, तेव्हा दुसऱ्या एका कंपनीचं अगदी तसंच डोकं घ्यायचं ठरलं. पाय तेवढेच, खोबण तीच, हुकूम तेच कळतात, असं विकणारे छातीठोकपणे सांगत. कंपॅटिबल आहे, म्हणत. पण विकणाऱ्याने आपल्या ताकाला आंबट म्हटलेलं कुणी ऐकलं आहे? म्हणून तिची नेमणूक झाली. मूळ प्रोसेसरची पेटी थोरली, नव्याची धाकटी. एका टेपमधून दोन वायरी काढून एकच कॅसेट दोघांना पाजायची आणि दोन्ही पडदे बघत बसायचं. थोरल्याने केलं ते धाकट्याने केलं का? दिवसभर मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये बसली तरी मान आपली हलतच राही.

त्या बसच्या ड्रायव्हरला वरच्या आरशात रोज हे दिसे. पुढे त्यांची ओळख झाली, लग्नाचं बोलणं निघालं, तेव्हा तो म्हणाला, “मी अजून काही विचारलंच नव्हतं, आणि ही बाई रोज मला नाही म्हणत होती.” हा विनोद त्याने संसारभर पुरवला. पाहुणे आले की काढी. तीही प्रत्येक वेळी नव्याने ऐकल्यासारखी हसे.

तिच्या विभागाचे साहेब इंजिनिअर होते. कमी बोलत, पण बोलले की ते डोक्यात राही. धाकट्याच्या सगळ्या परीक्षा झाल्या, एकेक हुकूम तपासून झाला, एकही चुकला नाही, तेव्हा ती खुशीत सांगायला गेली. साहेब म्हणाले, “एकेकटं विचारलं तर वेडासुद्धा शहाणा ठरतो. दोन गोष्टी एकदम विचार.”

आणि त्यांनीच एक प्रोग्रॅम लिहून दिला. पडद्यावर वरून चांदण्या पडत, कधी डाव्या बाजूने, कधी उजव्या, कधी दोन्हीकडून एकदम. डावी आली की डावं बटण दाबायचं, उजवी आली की उजवं, दोन्ही आल्या की दोन्ही. वेळेवर बटण दाबलं की चांदणी विझे. चुकलं की ती खाली जाऊन आपल्या बाजूच्या कोपऱ्यात पडून राही. मागे एक धून चालू. धाकटा नेमका तिथे सापडला. धुनेचा सूर बदलायला आणि बटण दाबायला एकच गाठ पडली की तो त्यातलं एक विसरे. बटण दाबलेलं असे, तरी चांदणी खाली. वाईट हे की तो अडकत नसे, चुकलो म्हणून सांगत नसे. धून चालू, चांदण्या चालू, आपण काही विसरलो याचा त्याला पत्ताच नाही.

“अडकला असता तर बरं झालं असतं,” साहेब म्हणाले. “अडकलेलं दिसतं.”

मग त्यांनी त्यावर काहीतरी तोडगा काढला, धाकटे विकले गेले, लोकांनी ते वापरले, आणि काही वर्षांनी सगळ्याच पेट्या जुन्या होऊन कारखाना बंद पडला. निरोपाच्या दिवशी प्रत्येकाला एक पेटी आणि एक टेप मिळाला. तिने चांदण्यांची कॅसेट मागून घेतली. घरी ड्रायव्हरला त्या खेळाचं वेडच लागलं. कामावरून आला की जेवण होईपर्यंत तो चांदण्या विझवत बसे. कोपरे दोन्ही रिकामे. “माझ्या हातून चांदणी पडायची नाही,” म्हणे, “मला रस्त्यावर रोज चारी बाजूंनी पडतात.” हळूहळू तेही मागे पडलं आणि पेटी माळ्यावर गेली.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की पुढे जे झालं त्यात तिच्या हाताशी दुसरं काही नव्हतं.

नवऱ्याच्या मेंदूत गुठळी झाली ती सकाळी बूट घालताना. एक बूट पायात, एक हातात. दवाखाना, गर्दी, लोकांनी केलेली धावपळ, हे तिला नंतर लोकांनीच सांगितलं. तिला आठवत होता तो फक्त तो बूट, जो तिने दवाखान्यात कडेवर मूल घ्यावं तसा धरून ठेवला होता. माणूस वाचला. बोलू लागला, चालू लागला, हातापायात जोर आला. नातेवाईक म्हणाले, देव पावला. ती हो म्हणाली. पण आतून तिचं काहीतरी वाटायचं बंद झालं होतं. भीती वाटत नव्हती, आनंदही नाही. सकाळी नेहमीसारखी देवासमोर हात जोडून उभी राही, ओठांवर नेहमीचे शब्द येत, आणि मागायचं काय ते आठवत नसे. तशीच थोडा वेळ उभी राहून ती स्वयंपाकाला लागे. देवानेही बहुधा त्या दिवसांत तिच्याकडून एवढ्यावरच भागवून घेतलं असेल.

घरी बसलेला ड्रायव्हर म्हणजे पाण्याबाहेरचा मासा. त्याने गणवेशाला इस्त्री करून ठेवली. बूट रोज पुसायचे. खिडकीतून जाणारी प्रत्येक बस आवाजावरून ओळखायची, आणि चालवणाऱ्याने गिअर कसा चुकीचा टाकला ते तिला सांगायचं. त्याला फक्त परत स्टिअरिंगमागे बसायचं होतं. बाकी जगात काय चाललं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासलं. डावीकडे बोट हलवलं, दिसलं. उजवीकडे हलवलं, दिसलं. दोन्हीकडे हलवलं, तेही दिसलं. आजची तारीख, घरचा पत्ता, उलटे आकडे, सगळं बरोबर. त्याला बाहेर बसवून त्यांनी तिला थांबवून घेतलं. “इथे खोली शांत असते आणि ते सावध असतात,” त्या म्हणाल्या. “बेसावध असताना कसे असतात ते फक्त तुम्ही बघता. गुठळी ज्या बाजूला होती तिथे डावीकडचं कधीकधी निसटतं. मला शंका आहे, पण माझ्याकडे पुरावा नाही. तुम्ही बघा आणि मला सांगा.”

डेपोचे साहेबही तसेच. चांगला माणूस. म्हणाले, डॉक्टरांचं तर हवंच, पण वहिनींना एकदा घेऊन या, वहिनी हो म्हणाल्या की मी डोळे झाकून चावी देईन. ड्रायव्हरने घरी येऊन हे असं सांगितलं, जणू चावी हातात आलीच. तिचं हो तो गृहीतच धरून होता. इतक्या वर्षांत आरशातल्या त्या ‘नाही’नंतर तिने त्याला कधी नाही म्हटलं होतं?

म्हणजे सगळं येऊन तिच्या जिभेवर बसलं. हो म्हणावं तर बसभर माणसं आणि रस्त्यावरची माणसं त्याच्या हाती. नाही म्हणावं तर त्याच्या जगण्यातली एकुलती एक गोष्ट आपल्या हाताने काढून घ्यायची, आणि तीही नुसत्या शंकेवर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शंका तिला होतीच. एका संध्याकाळी दोघं फिरायला निघाली होती. ती नेहमीसारखी त्याच्या डाव्या हाताला. दुकानांच्या ओळीपाशी समोरून त्याच्या डेपोतला एक जुना कंडक्टर आला आणि उजव्या बाजूने त्याच्याबरोबर चालू लागला. दोघांच्या गप्पा रंगल्या. ती मध्येच काहीतरी म्हणाली, काहीतरी साधं, घरात दूध नाही असं. त्याने ऐकलं नाही. ती पुन्हा म्हणाली. मग ती चालायची थांबली. नवरा आणि कंडक्टर बोलत बोलत पुढे गेले, चौक ओलांडून गेले. आपल्याबरोबर कुणी होतं आणि आता नाही, हे त्याच्या पाठीवरून तरी कुठे दिसत नव्हतं. कंडक्टर आपल्या वाटेने वळला तेव्हा तो थांबला, मागे पाहिलं, आणि ती लांबून येताना दिसल्यावर हसून म्हणाला, “काय, पाय दुखले का?”

तिला वाईट वाटायला हवं होतं. तिने दूध घेतलं.

दोन दिवसांनी तिची थोरली नणंद आली. नणंद म्हणजे घरातली तोफ. भावासाठी जीव टाकणारी आणि तोंडात तीळ न भिजणारी. तिला डेपोची हकिगत आधीच कळली होती. भावजय अजून साहेबांकडे गेली नाही म्हटल्यावर तिचा पारा चढला. म्हणाली, डॉक्टर बरा म्हणतात, माणूस स्वतः बरा म्हणतो, आणि बायकोच कोपऱ्यात तोंड मिटून बसली आहे, ही कुठली रीत. मग आवाज खाली आणून, पण ऐकू जाईल असा, तिने विचारलं, “नवरा घरात बांधून ठेवायची हौस आली का गं तुला म्हातारपणी?”

“मला बघायचं आहे, ताई,” ती म्हणाली.

“काय बघायचं आहे?”

“तोच आहे का ते.”

नणंद तिच्याकडे पाहत राहिली. तिला वाटलं असेल, हिचंही डोकं तपासून घ्यायला हवं. चहा न घेताच गेली.

पण ते शब्द तोंडातून निघाले आणि तिचं तिलाच कळलं, की हे तर आपलं जुनंच काम. थोरल्याने केलं ते धाकट्याने केलं का? आजारपणाआधीचा माणूस आणि नंतरचा माणूस. एकेकटं सगळं विचारून झालं होतं आणि त्यात तो पास झाला होता. दोन गोष्टी एकदम अशा कुणी विचारल्या नव्हत्या, की विचारतो आहे हे त्याला कळूच नये.

दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरून पेटी काढली. धूळ पुसली. रबराची बटणं चिकट झाली होती, ती ओल्या फडक्याने एकेक पुसून घेतली. टेप उघडून पाहिला तर आतल्या पट्ट्याचं काकवीसारखं काळं पाणी झालेलं. तो घेऊन ती रस्त्याच्या टोकाला बसणाऱ्या रेडिओवाल्याकडे गेली. रेडिओवाल्याने टेपकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं. “काकू, याची तेराव्याची वेळसुद्धा निघून गेली,” म्हणाला. तरी डबा धुंडाळून त्याने एक पट्टा बसवला, स्पिरिटच्या बोळ्याने टेपचं कॅसेट वाचणारं डोकं पुसून दिलं, आणि जुना छोटा टीव्हीही तिने मागितला तसा उसना दिला. आता कोण टीव्हीला वायर लावतं, असं म्हणत त्यानेच तो घरापर्यंत आणून ठेवला.

टेपच्या आवाजाच्या चकतीवर तिने पूर्वी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलेला होता. आवाज त्याच्या जरा वर गेला किंवा खाली आला की प्रोग्रॅम चढत नसे. ठिपका तसाच होता. पहिल्यांदा मध्येच बंद पडलं, दुसऱ्यांदा पडदा गोधडीसारखा रंगीबेरंगी झाला, तिसऱ्यांदा किर्र आवाज संपला आणि धून सुरू झाली. एवढ्या वर्षांची कॅसेट, पण निघाली जिवट.

दुपारची वेळ. धून ऐकून ड्रायव्हर आतल्या खोलीतून आला. पडदा बघून त्याचा चेहरा इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सैल झाला.

“अगं, हे कुठून काढलंस?”

“बसा ना,” ती म्हणाली. “बघू, हात चालतो का.”

तो बसला, बोटं मोडली, दोन्ही बाजूंच्या बटणांवर एकेक बोट ठेवलं. ती त्याच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिली. चांदण्या पडू लागल्या. डावी आली, विझली. उजवी आली, विझली. डावी, डावी, उजवी. हात तोच, चपळाई तीच, मान पुढे काढायची लकबही तीच. तिने श्वास सोडला.

मग दोन एकदम आल्या. उजवी विझली. डावी गेली खाली.

पुन्हा डावी एकटी, ती विझली. पुन्हा दोन. उजवी विझली, डावी खाली. तो मजेत होता. गुणगुणत होता. नणंदेचा विषय काढून म्हणाला, ताईचं मनावर घेऊ नकोस, ती बोलते पण पोटात काही नसतं. बोलायला लागला तसं आणखी वाढलं. आता दोन आल्या की डावी दर वेळी जात होती, आणि डाव्या कोपऱ्यात एकीवर एक साचत होत्या. ती बघत होती. छातीत काहीतरी व्हायला हवं होतं. त्याऐवजी तिची मान फक्त हलत होती, डावीकडून उजवीकडे, कारखान्यात हलायची तशी. आणि मग तिला वाटलं, ही पेटी धाकटी असेल. असेलच. निरोपाच्या दिवशी कुणाच्या हाती थोरली आली, कुणाच्या हाती धाकटी, कुणी पाहिलं होतं? यंत्रच विसरत असेल. देवा, तिने बऱ्याच दिवसांनी मनापासून म्हटलं, ही धाकटी असू दे.

धून संपली. पडदा स्थिर झाला.

“बघ,” तो म्हणाला, “एक तरी पडली का?” तो उजव्या कोपऱ्याकडे बघत होता. उजवा कोपरा लख्ख रिकामा होता.

“डावीकडे बघा.”

त्याने मान वळवली. ढीग पाहिला. बराच वेळ पाहिला.

“या कधी पडल्या?”

“तुम्ही खेळत होतात तेव्हा.”

“मला नाही दिसल्या.”

“हो.”

तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, “हा तुझा धाकटा आहे. विसरभोळा. मी बटण दाबलं, त्याने घेतलं नाही. तूच सांगायचीस ना.”

तिनेही तेच मागितलं होतं. ती त्याच्या जागी बसली आणि सुरू करायचं बटण दाबलं. तिची बोटं आता पूर्वीची राहिली नव्हती. बऱ्याच चांदण्या निसटल्या. पण निसटल्या त्या दोन्हीकडच्या, डाव्या कोपऱ्यात जेवढ्या तेवढ्याच उजव्या. तो मागे उभा राहून बघत होता, आता त्याची मान इकडून तिकडे होत होती.

“पेटी उघड,” तो म्हणाला.

तिने स्वयंपाकघरातली सुरी आणून स्क्रू काढले. झाकण उचललं. धुळीच्या थराखाली चाळीस पायांचा किडा आपल्या खोबणीत बसलेला. तिने बोटाने त्याच्या पाठीवरची धूळ पुसली. अक्षरं वाचायची गरज नव्हती, तिला ती ठेवणच ओळखीची होती.

“थोरला आहे,” ती म्हणाली.

त्याने वाकून पाहिलं. त्याला त्यातलं काय कळणार होतं? तरी पाहिलं. मग झाकण त्यानेच परत ठेवलं आणि बारके स्क्रू चिमटीत धरून एकेक आवळले, घाई न करता, टायरचे नट आवळावेत तसे समोरासमोरचे आधी. सगळं झाल्यावर सुरी तिच्या हातात देऊन म्हणाला, “त्या दिवशी चौकात तू मागे राहिलीस.”

“हो.”

“मुद्दाम?”

“आधी नाही,” ती म्हणाली. “मग मुद्दाम.”

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. खालून एक बस गेली. गिअरबद्दल तो काही बोलला नाही. तिने टीव्ही बंद केला, वायरी गुंडाळल्या, संध्याकाळची भाजी चिरायला घेतली. घरात कुणी रडलं नाही. जेवताना त्याने विचारलं, साहेबांकडे कधी जायचं. ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तेव्हा. तो म्हणाला, उद्या सकाळी. पुढचा घास घेऊन, पाणी पिऊन मग म्हणाला, “तू बोलू नकोस. मी बोलतो.”

रात्र तशीच गेली. सकाळी त्याने इस्त्रीचा गणवेश कपाटात ठेवून दिला आणि साधा सदरा घातला. ती त्याच्या डाव्या हाताला चालली.

डेपोत साहेबांनी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं, आणि वहिनींकडे बघून हसत म्हणाले, मग काय हुकूम? तिने मान खाली घातली. ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, डावीकडचं माझ्याकडून जातं. एकटं आलं तर दिसतं. उजवीकडे पण काही असलं की डावीकडचं जातं. आणि गेलं ते मला कळत नाही.” एवढंच बोलला. हिशोबाने बोलला, रजेचा अर्ज तोंडी सांगावा तसा. साहेबांचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्यांनी टेबलावरचं पेन बाजूला सारलं, मग म्हणाले, नवीन पोरांना शिकवायला माणूस लागतो, गाड्यांच्या वेळा लावायला लागतो, बघू या. ड्रायव्हर म्हणाला, बघा. डॉक्टरबाईंना मीच फोन करून सांगतो, असंही म्हणाला.

निघताना तो लॉकरकडे गेला आणि त्याची उशी घेऊन आला. सीटवर ठेवायची चपटी उशी, तिनेच शिवलेली, कव्हर किती वेळा बदललं असेल. सीट नीट असली तरी ती त्याला लागे, तिच्याशिवाय रस्ता हवा तेवढा दिसत नाही म्हणे. बगलेत उशी घेऊन तो आवारातून चालला. दोघातिघांनी हाक मारली. उजवीकडच्यांना त्याने लगेच हात केला. डावीकडून एक मेकॅनिक हात हलवत होता. तिने नवऱ्याच्या कोपराला बोट लावलं, तेव्हा त्याने तिकडे मान वळवली आणि त्यालाही हात केला.

परत जायला बस घेतली. आयुष्यात कितीशा वेळा तो त्या गाडीत मागे बसला असेल? खिडकीची जागा तिने त्याला दिली नाही, त्याने मागितली नाही. उशी मांडीवर. डेपोतूनच त्याने लावलेल्या फोनवर डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, की आता सवय लावून घ्या, दर थोड्या वेळाने मान पूर्ण डावीकडे न्यायची, मग उजवीकडे, मुद्दाम, विसरायचं नाही. तो लगेच सुरूच झाला. शाळेतल्या पोरासारखा नेमाने. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.

पुढच्या आरशात तिला ड्रायव्हरचे डोळे दिसले. कोवळा होता, नवीन असावा. तो आरशातून या म्हाताऱ्याकडे दोनदा बघून गेला. याला वाटत असेल, मी काही विचारलं नाही आणि हा माणूस एकसारखा मला नाही का म्हणतो आहे.

तिला हसू यायला हवं होतं. आत कुठेतरी आलंही असेल, पण तोंडापर्यंत पोचलं नाही. शेजारी नवऱ्याची मान डावीकडे आली, तिच्यापर्यंत, आणि तिथे जरा जास्त वेळ थांबली.

“आहेस ना?” तो म्हणाला.

“आहे.”

मान परत उजवीकडे गेली. त्यांचा थांबा आला तेव्हा तो आधी उतरला आणि उशी बगलेत धरून, तोंड डावीकडे करून, ती उतरेपर्यंत उभा राहिला.